गोधडीत शिजलेले मूग

तुम्ही हसाल, पण स्वयंपाकाचा खरा धडा मी कागलला शिकले, तेही शिकवायला गेले असताना! एमआयडीसीतला एक कारखाना बंद पडला होता. तिथल्या कामगारांच्या बायकांना कमी खर्चातला पौष्टिक स्वयंपाक सांगायला मला बोलावलं होतं. मी डाळींचं महत्त्व सांगत होते, तेवढ्यात एक तरणी पोर उठली.

"बाई, गॅस संपत आलाय. डाळ शिजवायची कशावर?"

मी माझ्या टिपणांची पानं उलटू लागले. तेव्हा मागून शमीमचाची उठल्या. लग्नाकार्यात स्वयंपाकाला जाणारी बाई.

"मोड आलेलं मूग घे. दोन उकळ्या आल्या की झाकण घट्ट लाव आनि भांडं गोधडीत गुंडाळून ठेव. बाकीचं आपसूक शिजतंय."

नुसतं सांगून थांबल्या नाहीत. घरून मूग, गोधडी आणून तिथंच करून दाखवलं. तासाभरानं झाकण काढलं, तर मूग बोटानं चेपत होते. त्या पोरीनं दोन वाट्या खाल्ले. सकाळपासून उपाशी होती ती.

मी विचारलं, "चाची, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. नवरा गेला तवा पदरात दोन लेकरं हुती, आनि सांगाय कुणीच आलं न्हाय. म्हणून तर आता मी सांगत फिरतोय की!"