मुशी, नग दोन

मी, लहानू चिमाजी गांगुर्डे, वय ५३, धंदा नोकरी (प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत परिचर), शिक्षण सातवी पास, राहणार देवळाली गाव, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

गंगापूर रोडवरील महाविद्यालयात मी बावीस वर्षे आहे. विद्यार्थ्यांना चिरायला मुंबईहून बर्फात मुशी मासे, म्हणजे लहान शार्क, येतात. ते धुऊन मांडणे माझे काम.

सन १९७४ मध्ये माझ्या लक्षात आले की मुशी दोन जातींच्या येतात. एकीचे तोंड फावड्यासारखे चपटे, पाठीवरचा मोठा पर मागे सरकलेला. दुसरीचा पर पुढे आणि तोंडाच्या कोपऱ्यात लांब खाच. मी प्राध्यापक दाणी यांना दाखवले. ते म्हणाले, "लहानू, पुस्तकात एकच मुशी आहे. तू धुवायचं बघ."

तरी मी चार वर्षे प्रत्येक मासा मापून वहीत लिहिला. दोन्हींचा एकेक चांगला नमुना वेगवेगळ्या बरणीत ठेवून माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली. सन १९७८ मध्ये दाणी सरांनी वही मागितली, मी दिली. ती परत आली नाही. गेल्या वर्षी त्याच विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. सत्काराच्या खुर्च्या मी मांडल्या. प्रबंधात बर्फाच्या कारखान्याचेही आभार आहेत. मी विचारले, "सर, माझं नाव?" ते म्हणाले, "शिपायाचं नाव घालायची पद्धत नाही." नंतर त्यांनी बरण्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या काढून 'संग्राहक : डॉ. दाणी' अशा छापील लावल्या.

दिनांक ९/२/१९८१ रोजी सायंकाळी पाच वाजता मी दोन्ही बरण्या पोत्यात घालून सायकलवरून घरी नेल्या. लपवून नेल्या नाहीत. पत्नी सुलाबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या नावाचं घरात कशाला आणलं?" मी म्हणालो, "नाव खरवडूनच आणलंय." विकण्याचा इरादा नव्हता.

आज पोलीस व पंच घरी आले, मी स्वतः बरण्या काढून दिल्या. पंचनाम्यात 'मुशी मासे, एकाच जातीचे, नग दोन' असे लिहिले. मी जमादार साहेबांना तोंडाची खाच दाखवली. ते म्हणाले, "मासा तो मासा. सही कर." मी सही केली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. पंचनामा चूक आहे.