भेरली माडाची चुकलेली ओळख

सन्माननीय अध्यक्षा प्रतिभाताई गुळवे, आजचे सत्कारमूर्ती रंगनाथभाऊ काकड, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या त्यांच्या पत्नी साळूबाई, परसबाग मंडळातल्या माझ्या सख्यांनो आणि चहाच्या आशेनं मागच्या रांगेत बसलेले त्यांचे यजमानहो, सर्वांना नमस्कार. साळूबाई, जरा मागं टेकून बसा बरं. खुर्ची मंडळाचीच आहे.

प्रतिभाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बावीस वर्षं आपल्या बागा सांभाळून रंगनाथभाऊ आता घरी, मखमलाबादला, आपल्या गुलाबांत आणि कोथिंबिरीत रमणार. एवढी वर्षं दहा मिनिटांत कशी बसवायची? म्हणून मी फक्त पामबद्दल बोलणार आहे.

आठवतं का, नव्वदच्या सुमाराला आपल्या कॉलनीत पामची साथच आली होती? ज्याच्या फाटकाशी पाम नाही, तो बंगला कसला! आपल्याला सगळे पाम सारखेच दिसायचे. रंगनाथभाऊंनी एक दिवस पाण्याची लोटी मागवली आणि पानावर धार धरली. नारळाची, अरेकाची पाती कौलासारखी उताराची, पाणी सांडून देतात. शिंदीची, फिशटेलची पाती पन्हळीसारखी, पाणी धरतात. झाली ओळख! माझ्याकडे पामवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, तरी हे मला लोटीनं शिकवलं.

पण मी कॉन्व्हेंटची मुलगी. छापलेलं ते खरं, ही आमची श्रद्धा. तिथूनच गोष्ट बिघडली.

आमच्या अंगणातला फिशटेल पाम आपण सगळ्यांनी पाहिलाय. माशाच्या शेपटीसारखी पानं. कोकणात त्याला भेरली माड म्हणतात. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. चौऱ्याऐंशी साली चिपळूणहून येताना त्यांनी ते रोप मांडीवर धरून आणलं. मी खिडकीशी, रोप यांच्या मांडीवर आणि डबा माझ्या. घाटात डबा सांडला, रोप नाही. पंच्याण्णवला हे गेले. सत्त्याण्णवला माड पहिल्यांदा फुलला. शेंड्याजवळून घोड्याच्या शेपटीसारखा लांबलचक झुपका खाली लोंबला. मला वाटलं, घरात कार्य निघालं. मी तुम्हा सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. पुढं त्याला फळं धरली, तेव्हा ती प्रतिभाताईंनी हौसेनं फुलदाणीत रचली आणि दोन दिवस दोन्ही हात खाजवत बसल्या. ताई, हसा आता. तेव्हा तुम्ही मला काय काय म्हणालात ते मी सभेत सांगत नाही.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी रंगनाथभाऊ माडाखाली उभे राहिले, वर पाहिलं आणि मला म्हणाले, “बाई, हा एकखांबी हाय. वरून फुलत फुलत खाली येतो. याच्या बुडाशी पिल्लं नाय येत...”

ते वाक्य पुरं करणार होते. मी पुस्तक आणलं, चित्रावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, की एक खोड फुलून संपतं, तोवर बुंध्याशी नवे फुटवे आलेले असतात. ते म्हणाले, “पुस्तकात असंल तसं.” आणि नळी घेऊन शेवंतीकडे गेले.

सात वर्षं माड फुलला. दर वर्षी झुपका एकेक पेर खाली. दोन हजार चारला शेवटचा झुपका वाळला आणि पानं पिवळी पडून लोंबू लागली. मी रोज सकाळी बुंध्याशी वाकून फुटवा शोधायची. नव्हताच. मग मी काय केलं? तुमच्यातल्या चौघी तेव्हा माझ्या व्हरांड्यात होत्या. मी सगळ्यांसमोर रंगनाथभाऊंना विचारलं, “तुम्हीच खुरप्यानं पिल्लं काढून टाकलीत ना?”

ते खाली बघून म्हणाले, “काढली असतील, बाई. ध्यान राहिलं नाय.”

मी त्यांना पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मंडळाच्या सहामाही पत्रकाची संपादक मीच. त्यात मी छापलं, की रंगनाथ काकड यांच्या निष्काळजीपणामुळे एक जुना माड गेला, सभासदांनी त्यांना काम देताना विचार करावा. तीन घरांनी त्यांचं काम बंद केलं. बाकीच्यांनी ठेवलं, पण खुरपणी चालली की खिडकीत उभं राहून बघायला लागले. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसावर पहारा!

यंदा जानेवारीत थंडीनं घरात अडकले होते, म्हणून पुस्तक पुन्हा काढलं. मी वाचलं होतं ते बेटानं वाढणाऱ्या फिशटेलचं वर्णन होतं. पान उलटलं. मागच्या बाजूला एकखांबी भेरली माड, त्याचं चित्रसुद्धा होतं. तो एकदाच फुलायला लागतो, शेवटचा झुपका झाला की मरतो. फुटवे कधीच येत नाहीत. सत्त्याण्णवला आपण ज्याचं हळदीकुंकू केलं, ती त्याच्या निरोपाची सुरुवात होती.

शाळेत शनिवारी आमच्या कॅथलिक मैत्रिणी कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या पायरीवर बसून हेवा करायचो, की यांची पापं आठवड्याला धुतली जातात, आपली साचतात. तशीच साचलेली घेऊन मी मखमलाबादला गेले. भाऊ पंचवटीच्या बाजारात गेलेले. घरी साळूबाई होत्या. त्यांनी चहा ठेवला आणि मला सोडलं नाही.

“त्यांना ठावं होतं,” त्या म्हणाल्या. “मी लय भांडले, सांगत का नाय म्हणून. तर म्हणले, सायबांनी लावलेलं झाड हाय. आपसूक गेलं म्हणलं तर बाई चिडतील कोणावर? माझ्यावर चिडल्या तर रडणं तरी कमी व्हईल.”

रंगनाथभाऊ हात हलवून “राहू द्या” म्हणताहेत. नाही भाऊ, राहू द्यायचं नाही. हे पत्रक कालच छापून आलं आहे. पहिल्याच पानावर, मागच्याइतक्याच ठळक अक्षरांत, माड कशानं गेला आणि चूक कोणाची, ते लिहिलं आहे. बाहेर पडताना प्रत्येकीनं एक घ्यावं. ज्या तीन घरांनी काम बंद केलं, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. त्या तिघी आज इथे आहेत.

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं, असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. सभेनं मला आजवर पुष्कळदा पोटात घातलं आहे. आज मात्र मी तुमची क्षमा मागत नाही. ती एकाच माणसाकडे मागायची आहे.

रंगनाथभाऊ, पिल्लं तुम्ही काढली नव्हती. ती येणारच नव्हती, आणि हेच तुम्ही मला तेव्हा सांगत होतात. मी ऐकलं नाही. मला क्षमा करा.