कूस वळवायला दोघी

अध्यक्ष : मावशी, आवाज जरा खाली. आत मयत आहे.

सासू : मयत माझ्याच घरात आहे, मला नको सांगूस. माझी सून आहे ती. मी विचारतेय, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीला कुलूप का घातलंस? न्हाऊ घालायची फळी आत आहे माझी.

अध्यक्ष : मी नाही घातलं. समितीनं घातलं.

सासू : आणि समितीचा अध्यक्ष कोण, मांजर?

अध्यक्ष : तसं नाही हो. फळी, घागर, ते सगळं आपल्या माणसांसाठी आहे. सूनबाई शेवटपर्यंत तिच्या माहेरच्याच धर्मात राहिली. उद्या लोक विचारतील, परधर्माची बाई जिच्यावर झोपवली त्या फळीवर आमचं माणूस कसं झोपवायचं? भावना दुखावतात, मावशी.

सासू : प्रार्थनाघरातले निळे पडदे कुणी शिवले रे?

अध्यक्ष : पडद्यांचं वेगळं.

सासू : आणि तुझ्या आईला गुंडाळलं ती चादर? रात्रभर मशीनवर बसून कडा कुणी दुमडल्या? माझ्याच सुनेनं ना? तेव्हा तुमच्या भावना काय झोपल्या होत्या?

अध्यक्ष : शिवण म्हणजे काम झालं. हा धर्म आहे.

सासू : वा रे धर्म! हात चालतात, हातांची मालकीण चालत नाही. आणि न्हाऊ घालायच्या कामातल्या माझ्या जोडीदारणीला कुणी अडवलं? सकाळी निरोप धाडला, तर म्हणे कंबर धरलीय. काल बाजारातून हे एवढं पोतं उचलून आणलं तिनं, तेव्हा नव्हती धरली कंबर?

अध्यक्ष : तिला तिच्या मर्जीनं...

सासू : गप बस. इतकी वर्षं आम्ही दोघी गावभरच्या बायका न्हाऊ घालतोय. हे एकटीचं काम नाही. पुढून धुता येतं, पण कूस वळवायला दोघी लागतात. एवढं तुला कळतं, म्हणूनच तिला घरी बसवलंस.

अध्यक्ष : ह्या कोपऱ्यात बसल्यात त्या कोण?

सासू : विहीणबाई. पोरीची आई. लग्नाला आल्या नव्हत्या, आज आल्या.

आई : मी फक्त तोंड बघायला आलेय. लगेच निघेन.

अध्यक्ष : बसा, बसा. तुमच्यासमोरच बोलतो, लपवण्यासारखं काही नाही. मावशी, मी काही दगड नाही. मार्ग आहे.

सासू : बोल.

अध्यक्ष : शेवटी तिच्याजवळ तुम्ही एकट्याच होतात ना? मग एवढंच म्हणा, की जाता जाता तिनं आपला धर्म मान्य केला. पुटपुटली, तुम्ही ऐकलंत. कोण विचारायला येतंय? मी स्वतः पाठिंबा देतो. आत्ता कुलूप उघडतो, तुमच्या जोडीदारणीची कंबरही बरी होईल. आपल्या दफनभूमीत, झाडाखाली, चांगली जागा. सगळी वस्ती मागून चालेल. रविवारी मी तिच्याबद्दल दोन शब्दही बोलेन.

सासू : काय बोलशील?

अध्यक्ष : की कशी गुणाची पोर होती.

सासू : मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत होती तेव्हा दारात भेटली तर तोंड फिरवायचास.

अध्यक्ष : एका शब्दाचा प्रश्न आहे हो.

सासू : ती पुटपुटली काय, सांगू? म्हणाली, "आई, पाणी." मी पाणी आणेपर्यंत संपलं. त्या "आई, पाणी"चा तू धर्म करणार? अरे, रोज सकाळी मशीनला हात लावायच्या आधी ती तिची प्रार्थना म्हणायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण तिचं म्हणून होईस्तोवर मी भांडं वाजू द्यायची नाही. आणि आता तिचं तोंड मिटलंय म्हणून मी त्यात तुझा शब्द कोंबू?

आई : हेच.

सासू : काय हो?

आई : हेच म्हणाले. आमचे धर्मगुरू. आज सकाळी.

सासू : काय म्हणाले?

आई : की मुलीला पश्चात्ताप झाला होता, तिला परत यायचं होतं, असं चारचौघांत सांगा. मग आम्ही तिला घेऊन येतो, मानानं सगळं करतो. नाहीतर... नाहीतर हात लावायचा नाही. लावलात तर तुम्हीही बाहेर. मी विचारलं, तोंड तरी बघू का? तर म्हणाले, लांबून.

सासू : लांबून! ऐकलंस का रे? एका माळेचे मणी तुम्ही. एरवी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाही, आणि खोटं मात्र एकाच साच्यातलं. कुठल्या शाळेत शिकलात दोघं?

अध्यक्ष : त्यांच्याशी माझी तुलना करू नका. ते लोक तसलेच आहेत.

सासू : तेही तुला हेच म्हणत असतील.

अध्यक्ष : भलाई करायला गेलो आणि वर ऐकून घ्यायचं! ठीक आहे. तुमचा मुलगा गेलाय ना नगरपालिकेत जागा मागायला? मिळेल. बेवारशांच्या रांगेत. जोडीला कोण पडलंय ते बघून घ्या.

सासू : तिथं जे पडलेत ते काही मागत तरी नाहीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तुम्ही. बायका मला विचारतात, मावशी, तुम्हाला किळस नाही का येत? विहिरीतून काढलेली धुतली, महिनोन्‌महिने अंथरुणात कुजलेली धुतली, तुझी आईही धुतली. कधी म्हणून आली नाही. आज आली. तू उठलास की ही खुर्ची मी साबणानं घासून घेणार आहे.

अध्यक्ष : मावशी, तोंड सांभाळा. उद्या तुम्हाला कोण न्हाऊ घालेल, विचार केलाय?

सासू : मला तसंच न्या. चल, ऊठ. जाताना त्या स्वयंपाकघराच्या दाराला हात लाव, बिजागरीतून काढायचंय; फळी नाही तर तेच. नाही? मग नीघ.

(अध्यक्ष निघून जातो. सासू दार बिजागरीतून काढून आतल्या खाटेलगत दोन स्टुलांवर आडवं ठेवते, सुनेला चादरीसकट त्यावर सरकवते.)

आई : मी निघू आता?

सासू : निघा. तोंड बघून झालं असेल तर निघा. मी जमेल तेवढं करते. पाठ राहील.

आई : राहील म्हणजे?

सासू : सांगितलं ना मघाशी. एकटीला वळवता येत नाही. पुढून स्वच्छ करीन. पाठ तशीच जाईल.

आई : तापात घाम आला असेल तिला.

सासू : खूप. कपडे बदलत होते मी सारखी.

आई : पाठ तशीच कशी जाईल? मी... बाह्या कुठवर वर घ्यायच्या?

सासू : विहीणबाई, तुमचे लोक तुम्हाला घरात घेणार नाहीत. मागून मला बोल लावाल.

आई : लग्नाच्या वेळी त्यांचंच ऐकलं मी. बाह्या कुठवर?

सासू : कोपराच्या वर. इकडून या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मी म्हटलं की तुमच्याकडे ओढा.

आई : गार लागतेय हो.

सासू : लागू दे. हात सोडू नका. हं, ओढा. धरा अशीच. बघा, किती हलकी झालीय.

आई : तुमच्यात पाणी घालताना काय म्हणतात?

सासू : म्हणतात काहीबाही. पण ती त्यातली नव्हती, उगाच कशाला. तुमचं म्हणा. ती सकाळी म्हणायची ते.

आई : येत नाहीये. सकाळपासून धर्मगुरूंच्याच तोंडून ऐकतेय सगळं. जिभेवर आलं की त्यांचाच आवाज येतो.

सासू : मग राहू दे. झाली पाठ, सरळ करू. हळू. आता केसांवर पाणी सोडते, तुम्ही कपाळाशी हात आडवा धरा. पण काहीतरी बोलत राहा तिच्याशी. मुक्यानं आंघोळ घालू नये.

आई : ठमे... डोळे घट्ट मीट हं. साबण जाईल.