च्च न निघणारी कवळी

—अहं, बोलायचं नाही! तोंड उघडंच ठेवा, नाकानं श्वास घ्या. हा मापाचा लगदा घट्ट होईपर्यंत मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार — आमच्या धंद्यातलं हे एकच सुख, समोरचा उलटून बोलत नाही. कवळी लावल्यावर नीट बोलता येईल का, हेच विचारत होतात ना मघाशी? येईल हो. सगळं येईल. बायकोपुढे 'हुं' करायचंय? करा, 'हुं'ला दात लागतच नाहीत, ते नाकातून येतं. 'शी'ला थोडे लागतात. 'छ्या' म्हणताना जीभ टाळूला घासते, त्याला आठवडाभर सराव हवा. पण 'च्च'! 'च्च' म्हणजे नाजूक काम. जीभ वरच्या दातांच्या मागे चिकटवायची आणि फटकन ओढायची — अहो, करून काय बघताय, माप बिघडेल!

आमचे सासरे त्यातले उस्ताद. दोनदा 'च्च च्च' केलं तर ती कीव असते, ती कुणीही करतं. हे एकदाच करायचे. एकदा केलं की तुम्ही संपलात. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी, दुसऱ्याच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवण्यात जन्म गेला. मी मुलीला मागणी घालायला गेलो, तर मला वरपासून खालपर्यंत वाचलं — वाचलंच म्हणायचं — आणि 'च्च'. झालं. दवाखान्याची पाटी लावली, खाली उभे राहून 'च्च'. आता पाटी वाकडी होती ही गोष्ट वेगळी. पण बावीस वर्षं हो! चहा घेतला की 'च्च', गाडी लावली की 'च्च', केस काळे केले तर... हसू नका, हसू नका म्हटलं ना!

मग त्यांचे दात गेले. सगळे. आणि आले कुणाकडे? जावयाकडे. मी आधी मेणाची कवळी बसवून बघितली, तसं बघावंच लागतं. त्यांनी आरशात पाहिलं आणि सवयीनं जीभ ओढली — तर काय निघालं? 'फुस्स'. सायकलची हवा जावी तसं. मला लगेच कळलं, पुढच्या दातांच्या मागे मेण जाड राहिलंय. खरडायला दोन मिनिटं लागली असती.

नाही खरडलं.

असं बघू नका. तुम्ही काय केलं असतंत? तशीच पक्की करून दिली आणि वर तोंड करून सांगितलं, "बाबा, जीभ सरावेल हळूहळू." पहिला आठवडा काय मजेत गेला म्हणून सांगू! मी जेवताना शिळ्या बातम्या सांगायचो, चुकीच्या सांगायचो, मुद्दाम. म्हातारा गप्प. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "बाबा काही बोलत का नाहीत?" मी म्हटलं, वय झालं. तिनं काय करावं? भाजीत दुप्पट मीठ घातलं, बाबा काय म्हणतात बघायला. त्यांनी निमूटपणे संपवली. मीही संपवली, मला तर बोलायची सोयच नव्हती. ती मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली हो. आईच्या वेळीही असंच सुरू झालं होतं म्हणाली, आधी गप्प बसायला लागली आणि मग माणसंच ओळखेना. आज चार वाजता बाबांच्या डोक्याचा फोटो काढायचाय, इथूनच निघायचंय तिघांनी. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही तिच्या. आणि मी — मी तिला पाठीवर थोपटतोय. मी!

सांगणार होतो. काल सांगणार होतो, परवापण. पण सांगायचं काय — तुझ्या बापाचा आवाज मीच बंद केलाय, कारण मला कंटाळा आला होता?

आणि आज सकाळी घरी बघतो तर बेसिनपाशी वाटीत त्यांची कवळी पडलेली. पाण्यात, पालथी. आणि पुढच्या दातांच्या मागे, नेमकी त्या जाड जागेवर, लाल खूण. छापखान्यात 'हे काढा' म्हणून जी वेटोळी खूण करतात ना, ती. बारीक, सुबक. कवळी तोंडात घातली की पुसून जाते ती — म्हणजे रोज पुसते आणि रोज नव्यानं काढतात! पहिल्याच दिवशी कळलं असणार त्यांना. मुलीला एका शब्दानं सांगितलं नाही. चूक दाखवून ठेवली आणि वाट बघत बसले, कधी दुरुस्त होतेय ती. महिनाभर वाटीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी चूक त्यांनी चारचौघांत काढली नाही बघा.

अरे, घट्ट झालं की हे केव्हाच! आ करा. मोठा. अजून... हं, आलं. झकास माप आलंय. चूळ भरा.

काय म्हणालात?

नाही, आत्ता काहीतरी केलंत तुम्ही. जिभेनं. एकदाच.

...

बरं. टॉवेल तिथे ठेवा. पुढच्या मंगळवारी या. आणि जाताना बाहेर बाकावर एक म्हातारे बसलेत, खिशात लाल पेन्सिल आहे, शेजारी माझी बायको आहे — दोघांनाही आत पाठवा. हो, दोघांनाही. जा आता.