विमानाचा पत्रा

सून : बाबा, ती डबी इकडे द्या.

सोनार : कुठली डबी?

सून : वजनकाट्यामागे दडवलीय ती. शिवणकामवाल्या ताईंची अंगठी आहे ना तिच्यात? नऊ दिवसांत दोनदा हेलपाटे घातले म्हणे त्यांनी, आणि मला पत्ताच नाही! आत्ता रस्ता ओलांडून इकडेच येतायत.

सोनार : पॉलिश राहिलंय जरा.

सून : टायटॅनियमला पॉलिश? तुम्ही? त्याला तर विमानाचा पत्रा म्हणता! द्या बघू. अगं बाई! हे काय केलंत?

सोनार : बोट बारीक झालंय म्हणाल्या. तू नेमकी बाहेर गेलेली. म्हटलं, चाळीस वर्षं अंगठ्या लहान करतोय, ही काय आभाळातून पडलीय? कापली, डाख लावला. सांधा धरेचना! मग आच वाढवली. आधी पिवळी झाली, मग जांभळी, मग निळी. खोटं कशाला बोलू, इतकी देखणी दिसली गं! वाटलं, तू या धातूपायी वेडी होतेस ती उगाच नाही. त्या नादात आणखी तापवली आणि पांढरी पडून तडकलीच.

सून : उघड्या आचेवर नाही सांधत हा धातू. मला विचारायचं तरी! आतून पातळ अस्तर बसवलं असतं, कापायचीसुद्धा गरज नव्हती.

सोनार : तुझ्या टायटॅनियमच्या दागिन्यांच्या कपाटाला भंगाराचं दुकान म्हणणारा मी. कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

सून : मग त्यांना काय सांगणार?

सोनार : तू सांग ना. म्हणावं, धातूच कच्चा निघाला. तुझं ऐकतील.

सून : बाबा!

सोनार : नको. नको, चुकलं. हे माझ्या तोंडून निघालंच कसं! लाज वाटते गं.

(दार उघडतं.)

ताई : झाली का हो काका? आज घालूनच जाणार. बोट कसं ओकंबोकं वाटतं. सोन्यानं अंगावर पुरळ उठायचं माझ्या, म्हणून ह्यांनी कारखान्यातल्या लेथवर बसून केली होती. इतकी हलकी, की हातात आहे हेच विसरायचे. हे गेल्यापासून मात्र एक दिवस विसरले नाही.

सोनार : ताई, मोडली ती. मी मोडली.

ताई : मोडली?

सोनार : मला येत नव्हतं ते काम. तरी केलं.

ताई : सोमवारी तर पॉलिश राहिलंय म्हणालात.

सोनार : तेव्हाही मोडलेलीच होती. खोटं बोललो. ताई, दुसरी घडवून देतो. सूनबाई देईल, अगदी तश्शीच.

ताई : तशी कशी होईल? तुकडे द्या माझे.

सोनार : हे घ्या. चार शब्द सुनवा हो मला.

ताई : काय बोलू? मुलगा म्हणत होता, आधी नीट चौकशी कर, मग दे. मीच त्याला गप्प केलं. म्हटलं, काकांचा हात जुना आहे, काळजी नाही.