तुम्हाला शिवी नाही

— छे छे, तुम्हाला कशी देणार शिवी? काहीतरीच काय मागता बाई! बसा ना, सूप गार होतंय. तुम्ही राजधानीतल्या, सोल शहरच्या, हातात मोजे, गळ्यात रेशमी रुमाल — तुमच्याशी मी जपूनच बोलणार. ती बघा, सगळी टाळकी वळून बघतायत. म्हातारी हिला अहो-जाहो करतेय, म्हातारीला झालंय तरी काय? — ए भाडखावांनो, आपापल्या वाडग्यात बघा! — हं, काय म्हणत होते मी?

अख्ख्या जोन्जू गावाला ठाऊक आहे, इथे मोड आलेल्या सोयाबीनचं सूप नि भात मिळतो, आणि वर शिवी फुकट. तीन-तीन तास गाडी हाकत येतात लोक, शिव्या खायला. खरंच सांगतेय. तो कोपऱ्यातला टकलू दिसतो ना, न्यायाधीश होता म्हणे. बायको गेली त्याची. पहिल्यांदा आला तेव्हा निम्मा भात टाकून उठायला लागला, मी ओरडले, "रांडेच्या, तो भात काय तुझा बाप येऊन संपवणार?" — तर हा ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, बायको गेल्यापासून मला कुणी काही बोललंच नाही हो. आता रोज येतो मेला. शिवी काय नुसती भांडायला असते? एकटं 'मुडद्या' घ्या — भुकेल्याला म्हटलं की जेव बाबा, दारुड्याला म्हटलं की घरी जा आता, नि कुणाचं पोरगं परीक्षेत पास झालं की तेच शाब्बास. आमचा पोस्टमन दोक-सू गेला, त्याच्या फोटोपुढे वाकले नि म्हटलं, "ऊठ की रे मुडद्या, सूप उकळलंय." त्याची बायको दोन दिवस ढिम्म बसली होती, ती तेव्हा कुठे रडली.

का सुरू केलं मी हे? कुणाला सांगत नाही मी, तुम्हाला म्हणून सांगते. माझी पहिली दोन लेकरं — काय एकेक गोड नावं ठेवली होती, काय लाडानं बोलायचे त्यांच्याशी! दोन्ही वर्षाच्या आत गेली. सासू म्हणाली, वरचे ऐकत असतात गं, गोड ऐकलं की उचलून नेतात. मग तिसरी झाली, पोरगी. तिला मी 'कुत्र्याची घाण' म्हणायचे. अंगावर पाजताना म्हणायचे, "पी गं घाणे, मर एकदाची" — आणि छाती धडधडायची माझी, बाई, खरंच मेली तर? पण जगली! एकोणचाळीसची झालीय आता. शाळेच्या दारात तशीच हाक मारायचे तिला. लाजून लाल व्हायची, मान खाली घालून पळायची. पळेना का, जिवंत होती ना.

असो, तुम्हाला काय त्याचं. काय म्हणता? तुमच्या सुपात अंडी दोन कशी, बाकीच्यांच्या एकच? पडलं असेल एखादं चुकून. कालही दोन होती? परवाही? — म्हातारीचा हात आहे, चुकतो. खा मुकाट — खावं आपण.

तर गेल्या थंडीत एक बाई आली, याच बाकावर बसली. देखणी, बोलणं मऊ, तोंडातून वाकडा शब्द नाही. म्हटलं, काय करता आपण? तर म्हणे, पैसे घेऊन लग्नात आई होते. ज्यांची आई मेलीय, नाहीतर चारचौघांत दाखवण्याजोगी नाही, त्यांची. आणि फोन काढून फोटो दाखवायला लागली — हे बुसानचं लग्न, हे अमकं, हे तमकं. एका फोटोत अंगात गुलाबी हानबोक, लग्नकार्यात घालतात तो घोळदार पोशाख, हातात काडी, वधूच्या आईनं पेटवायची मेणबत्ती पेटवतेय. बाजूला नवरी उभी. युन-सिल नाव नवरीचं. म्हटलं, हिची आई कुठंय? म्हणाली, "वारली हो बिचारी. पोरगी सांगताना रडलीसुद्धा."

मी काय करणार? भात वाढला तिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडात शिवी आली नाही बघा. मग चार दिवस चूल पेटवली नाही. दुकानाबाहेर लोक उभे राहायचे, हाका मारून जायचे.

रडू नका हो. सुपात मीठ पुरेसं आहे. — पाय सोडा. सोडा म्हणते ना, लोक बघतायत, लोकांचीच तर लाज तुम्हाला! नवऱ्यानं सोडलं? अगंबाई. सासू तर चांगल्या घरातली होती ना? मग तिच्याकडे जावं. त्या गुलाबी आईकडे जावं, नंबर असेलच तुमच्याकडे. काय? एकदाच 'घाणे' म्हणू? एकदाच? कसं म्हणू, युन-सिलबाई, तुम्हीच सांगा. आई वारली ना तुमची? मेलेली बाई शिव्या देते होय?

उठा आता. वाडगा राहू द्या, मी उचलते. दार ओढून घ्या, वारा येतो आत. बाहेर बर्फ आहे, जपून जावं आपण. — आणि तू रे मुडद्या, दारात काय खांब होऊन उभा राहिलास? बाईंना वाट दे! ये, मर इथं, बस. हाडं वर आलीयत तुझी. दोन अंडी घालू?