भीती कमी पडते

निलेश : ...भूत आलं म्हटल्यावर माणसाने खुर्चीवर पाय वर घेतले पाहिजेत, धनश्रीबेन. आणि तुम्ही पडद्यावर आलात की माणूस म्हणतो, या, बसा, चहा घेणार का?

धनश्री : म्हणजे मी वाईट काम केलंय.

निलेश : वाईट केलं असतं तर बरं होतं. चांगलं केलंय, तोच तर वांधा आहे!

ओंकार : निलेश, तिला आधी बसू तर दे. चार वर्षांनी तुझ्या स्टुडिओत आलीये ती.

निलेश : खुर्ची दिली, पंखा लावला. आता खरं बोलू दे. तू डायरेक्टर, तू काही बोलणार नाहीस. एडिटिंग मी केलंय. लग्नाच्या कॅसेटी कापून कापून माझी नजर बनलीये, कुठे लोक कंटाळतात ते मला बराबर कळतं.

धनश्री : पण मला वेळ नाहीये रे. दुपारी टेम्पो येणारे. आई एकटीच भांडी बांधत बसलीये क्वार्टरवर. डबिंग काय ते करू आणि मी निघते.

ओंकार : सर खरंच चालले?

धनश्री : बाबा शाळेतून रिटायर झाले, क्वार्टर सरकारचं. कणकवलीला घर आहे, तिकडे जातायत दोघं.

ओंकार : आणि तू?

धनश्री : मी पुण्यालाच. आई-बाबा इथे होते म्हणून दिवाळीला, मे महिन्यात यायचे. आता सिल्वासात कोणाकडे येणार?

निलेश : ...चला, माइक लावतो.

धनश्री : थांब ना. मी पिक्चर एकदाही बघितला नाहीये. शूटिंग संपलं, माझं लग्न ठरलं, आणि मग ह्याने कधी पाठवलाच नाही.

ओंकार : पुरा झालाच नव्हता. तुझे डायलॉग जनरेटरच्या आवाजात गेले. माझी मसाटच्या यार्न कंपनीत बारा-बारा तासांची शिफ्ट. आज करू, उद्या करू, करता करता राहून गेलं.

धनश्री : मग आता कसं काय आठवलं?

निलेश : एका अ‍ॅपवाल्याला आवडलाय. पण म्हणतो, भीती कमी पडते. भुताचे सीन छोटे करा, एक खतरनाक किंचाळी टाका, सोमवारी पाठवा. मी कापून ठेवलंय, तुमचे डायलॉग त्यातच गेले. किंचाळी तेवढी तुमची पाहिजे.

धनश्री : आधी न कापलेला लाव. सुरुवातीचा.

निलेश : शटर खाली घेतो. उजेडात काय दिसणार नाही.

धनश्री : अय्या, ही बंद शेड! ओंकार, काय दिसतेय! आपण गेलो तेव्हा नुसता कचरा होता.

ओंकार : दिवाळीची सुट्टी होती ना. सगळ्या मशीन बंद. मी रोज तिथे काम करून राहिलो होतो, पण इतकी शांतता कधी ऐकलीच नव्हती. म्हणून म्युझिक टाकलं नाही.

निलेश : हे मी पण मानतो. पहिली वीस मिनिटं फस्क्लास. एक वॉचमन, बंद कंपनी, आणि कुठून तरी बांगड्यांचा आवाज. माझ्या बायकोने अर्ध्यात उठून लाइट लावली होती.

धनश्री : सुकदेवकाका किती छान बघतात मागे वळून! जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते.

ओंकार : अ‍ॅक्टिंग नाहीच ती. ते खरेच वॉचमन. मी सांगितलं, काका, तुमची बायको वारलीये आणि ती तुम्हाला न्यायला येऊन राहिली. तर म्हणे, मग मी पळू की तिच्याकडे जाऊ? मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते करा.

धनश्री : आणि ते नुसते उभेच राहिले.

ओंकार : हां. तेच ठेवलं.

निलेश : आता बघा वांधे. हा धूर. पालिकेची डास मारायची गाडी सोसायटीत आली, हा भाऊ कॅमेरा घेऊन मागे पळाला. कोपऱ्यात कुत्रं खोकताना दिसतंय. आणि हे, हे बघा, भुताच्या हातात घड्याळ!

धनश्री : देवा! कोणाच्या लक्षातच नाही आलं?

ओंकार : मला दिसलं होतं.

धनश्री : मग सांगायचं ना!

ओंकार : सांगितलं असतं तर तू काढून पुन्हा उभी राहिली असतीस. पण मग असं नसतं झालं... हे. आता बघ, मान वळवतेस ते.

निलेश : आणि हा सगळ्यात मोठा वांधा. बघत राहा. ती दमणगंगेच्या काठावर उभी आहे. उभी आहे. अजून उभीच आहे. केस उडतायत. अरे, पुढे काहीतरी होऊ दे! मी किती वेळा म्हटलं, इथे काप. हा म्हणतो, अजून थोडं.

धनश्री : किती वेळ ठेवलायस रे हा.

ओंकार : कापताच येईना.

धनश्री : का?

निलेश : अरे, लोकांनी भुताला घाबरायचं की भुताच्या प्रेमात पडायचं? तेच कळत नाही इथे.

ओंकार : निलेश, चहा नाही आला अजून. बघून ये ना.

निलेश : पोरगा आणून देईल... बरं. सारू. जातो.

धनश्री : ओंकार, हे थांबव. इथेच.

ओंकार : काय झालं?

धनश्री : ह्या सीनमध्ये काका कुठे उभे होते?

ओंकार : तुझ्या डाव्या हाताला. चिंचेखाली.

धनश्री : आणि भूत त्यांना बोलावतंय. मग भुताने त्यांच्याकडे बघायला पाहिजे.

ओंकार : हो... निलेश पण तेच म्हणतो. तू सगळीकडे कॅमेऱ्यातच बघतेस. मी त्याला म्हटलं, नवीन आर्टिस्ट आहे, कळलं नसेल तिला.

धनश्री : तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस मला, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

ओंकार : हां.

धनश्री : मग कळलं नसेल कसं? मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, ओंकार.

ओंकार : कॅमेरा तर माझ्या हातात होता.

धनश्री : तू पाठवला असतास ना पिक्चर, तेव्हा.

ओंकार : पाठवून काय झालं असतं? तुझ्या घरी पाहुणे येऊन गेले होते. सर मला म्हणाले, चेतन म्हणून मुलगा आहे, इंजिनियर, आमच्या धनूला शोभेल. त्यांनी मला पेढा दिला. मी खाल्ला.

धनश्री : चेतन चांगलाच आहे रे. तसं काही नाही.

ओंकार : मला माहीत आहे. म्हणून तर विचारत नाही.

निलेश : चहा आला! काय, संपला का काठावरचा सीन? की अजून उभ्या आहेत?

धनश्री : निलेश, तुझा कापलेला दाखव.

निलेश : आता कसं! हे बघा. काका वळले, अंधार, अंधार... आल्या, गेल्या! झालं. पापणी लवायच्या आत. आणि ह्याच्यावर तुमची किंचाळी बसणार.

धनश्री : हाच चांगला आहे.

ओंकार : तुला खरंच आवडला?

धनश्री : भुताचा पिक्चर आहे, त्यात भूतच पाहिजे. हाच पाठव. तुझं नाव होऊ दे. यार्न कंपनीतच आयुष्य काढणारेस का?

ओंकार : नाव होऊन...

धनश्री : पाठव म्हणते ना. माइक कुठेय, निलेश?

निलेश : हा घ्या. थोडं लांब उभ्या राहा, नाहीतर आवाज फाटेल. चालू.

धनश्री : आऽऽ!

निलेश : ही पाल बघितल्याची झाली. अजून. कोणीतरी तुमच्या हातातून काहीतरी ओढून घेऊन चाललंय, आणि तुम्हाला पाय उचलता येत नाही. असं.

धनश्री : आ... नाही येत.

निलेश : आलं नाही तर असू दे, नेटवरची लावतो एखादी.

धनश्री : थांब. आऽऽऽऽऽऽ!

निलेश : ...बस. बस झालं. खालचा मोबाइलवाला वर यायचा पळत. काटा आला हो अंगावर.

ओंकार : धनश्री, पाणी घे.

धनश्री : नको. आईचा फोन येतोय. टेम्पो आला वाटतं.

ओंकार : नरोलीपर्यंत सोडू? टेम्पोच्या मागे येतो गाडी घेऊन.

धनश्री : नको. बाबांना वाटेल, याला आपण फुकट त्रास दिला. आणि तुझी शिफ्ट आहे ना?

ओंकार : आहे.

धनश्री : तो काठावरचा सीन... तो मी गेल्यावर काप.

निलेश : कापला की मी कालच.

ओंकार : निलेश.

निलेश : हां, म्हणजे... मोठा पण पडलाय इथे. तो कुठे जातोय.

धनश्री : येते मी. म्हणजे, जाते.

(दोन महिन्यांनी, फोनवर.)

धनश्री : ओंकार? बोलू शकतोस का? मशीनचा आवाज येतोय.

ओंकार : थांब, गेटवर येतो. हां, बोल. कशी आहेस?

धनश्री : काल घरी सगळ्यांनी मिळून बघितला तुझा पिक्चर. अ‍ॅपवर पहिल्या पाचात दिसतोय रे!

ओंकार : हो. निलेशने तर दुकानाबाहेर बोर्ड लावला. चेतनरावांना कसा वाटला?

धनश्री : तो खूश. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय त्याने, माझी बायको भूत आहे म्हणून. आणि सासूबाई इतक्या घाबरल्या की मला म्हणाल्या, तू आज अंधारात पाणी प्यायला उठू नकोस बाई, उठायचंच तर हाक मारून उठ.

ओंकार : चला. भीती कमी पडत नाही म्हणजे.

धनश्री : नाही पडत. तुझी आई काय म्हणाली?

ओंकार : म्हणे, त्या सरांच्या पोरीला धड दाखवलीच नाही. एवढी चांगली पोरगी, नीट दाखवायची ना.

धनश्री : काकूंना नमस्कार सांग माझा. आणि दुसरा कधी काढणार?

ओंकार : लिहून राहिलोय. त्याच्यात भूत नाही. दोन भाऊ आणि एक ट्रक.

धनश्री : छान. मग त्यात बाई नाहीच का कोणी?

ओंकार : अजून तरी नाही.

धनश्री : ...तू बघितलास का रे? कापलेला? मोठ्या स्क्रीनवर, पूर्ण?

ओंकार : बघितला. वापीला निलेशच्या मित्राने हॉल घेतला होता, कंपनीतली सगळी पोरं आलेली. शिट्ट्या मारून राहिले होते.

धनश्री : आणि तुला?

ओंकार : शेवटी तू येतेस ना, आणि नीट बघेपर्यंत जातेस.

धनश्री : हो.

ओंकार : मला भीती वाटली.